थंड डोंगराळ मुलुखांतील घरची फळबाग

सफरचंद, जर्दाळू, नासपती हीं फळें आपल्या बहुतेक वाचकांस बाजारांतूनच परिचित आहेत. तीं ज्या पहाडी मुलुखांत घरोघरीं होतात तेथील शेतकऱ्यास दोन संकटांशीं सामना करावा लागतो: एक गोठविणारें दंव व दुसरें रानांतील जनावर. हिमाचल प्रदेशांतील शिमल्याच्या वरचा भाग, कुलू व किन्नोर हा प्रदेश याचें उत्तम उदाहरण होय. कोटगड येथें सॅम्युएल स्टोक्स (पुढें सत्यानंद) यांनीं १९१६ च्या सुमारास अमेरिकेंतून 'डेलिशस' जातीचीं सफरचंदाचीं झाडें आणून लाविलीं, आणि पुढें त्या पहाडांत ही लागवड पसरली. घरापुरतीं दहापांच झाडें लावूं इच्छिणाऱ्यासही तेथील रीतींतून पुष्कळ शिकतां येईल.

मुदतीचा हिशेब.— हिंवाळ्यांतील थंडी ही या झाडांस घातक नव्हे. ती त्यांची गरज आहे. डेलिशस जातीस ७ अंश सेल्सिअसखालीं सुमारें १,००० ते १,२०० तास विश्रांति मिळाली नाहीं तर डोळे नीट फुटत नाहींत. घात होतो तो वसंत ऋतूंत. उमललेलीं फुलें उणे २ अंशांच्या आसपास मरूं लागतात व उणे ४ अंशांस बहुतेक सर्व जातात. एका रात्रींत वर्षाचें पीक बुडतें, आणि झाड मात्र पुढें हिरवेंगार दिसत राहतें. शरदांत दंव पुनः येतें. वसंतांतील शेवटचें दंव मेच्या आरंभीं व शरदांतील पहिलें ऑक्टोबरच्या आरंभीं पडत असेल तर हातीं पांच महिनेच उरतात. आणि डेलिशसला फुलोऱ्यापासून पिकण्यास साडेचार ते पांच महिने लागतात. सबब अशा जागीं जात निवडतांना फळ केवढें येतें हें नंतर पाहावें. तें फुलतें केव्हां व पिकतें केव्हां हें आधीं पाहावें. जर्दाळू फार लवकर फुलतो म्हणून त्यास धोका अधिक. सफरचंद मागून फुलतें. त्यांतही 'टायडमन्स अर्ली वॉरसेस्टर' ही हळवी जात डेलिशसच्या सुमारें महिनाभर आधीं तयार होते. डेलिशस स्वतःच्या परागानें धरत नाहीं. त्याच सुमारास फुलणारें 'गोल्डन डेलिशस'सारखें दुसरें झाड जवळ असावें.

जागा व मशागत.— थंड हवा जड असल्यामुळें पाण्याप्रमाणें उतारानें वाहून खोलगटांत सांचते. महाबळेश्वरास कांहीं हिंवाळ्यांत दंव गोठतें तें वेण्णा तलाव व लिंगमळा या बाजूस; त्याचें एक कारण हेंच. म्हणून नाल्याचा तळ टाळून उताराच्या मधल्या भागांत झाडें लावावीं. बागेच्या खालच्या अंगास दाट झुडुपांचें कुंपण करूं नये, कारण त्यानें थंड हवा बागेंतच कोंडते. फुलोऱ्याच्या दिवसांत आळ्यांतील आच्छादन बाजूस सारून जमीन ओली ठेवावी. अशी जमीन दिवसा ऊब सांठविते व रात्रीं ती सोडते. पावसाळ्याच्या मध्यानंतर नत्रखत देऊं नये; त्यानें आलेली कोवळी फूट जून होण्यापूर्वींच थंडीनें मरते.

राखण.— माकडें दिवसा येतात व कच्चीं फळेंही चावून टाकतात. साळिंदर रात्रीं बुंध्याची साल कुरतडतें, आणि साल सभोंवार गेली कीं झाड मेलेंच. यास्तव प्रत्येक बुंध्याभोंवतीं तारेच्या जाळीचें वेटोळें वीतभर जमिनींत पुरून बसवावें. 'एम ९' या बुटक्या खुंटावरील झाडें दोनतीन वर्षांत फळूं लागतात व जाळीखालीं झांकतां येतात. त्याच जाळीनें गारा व पक्षी यांपासूनही बचाव होतो. मात्र त्यांचीं मुळें उथळ असल्यामुळें आधार व नियमित पाणी अवश्य द्यावें लागतें.

काळें अस्वल हिंवाळ्यापूर्वीं चरबी सांठविण्यासाठीं पिकत्या फळांवर येतें. खाल्लेलें फळ त्या वर्षापुरतें जातें. पण त्यानें मोडलेली थोर फांदी भरून येण्यास कित्येक वर्षें लागतात. अस्वलास जाळी अडवीत नाहीं. सौरशक्तीवर चालणारें, क्षणिक धक्का देणारें कुंपण उपयोगी पडतें. घरच्या वाहिनीची वीज तारेंत सोडणें हा मात्र गुन्हा आहे व त्यानें माणसेंही दगावतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अस्वलास संरक्षण असल्यामुळें फास व सापळे वर्ज्य समजावे. बिनखर्चाचा उपाय असा कीं, गळालेलें फळ रोज सूर्यास्तापूर्वीं उचलावें व तयार झालेलें फळ झाडावर राखूं नये. सडत्या फळांचा वास हेंच अस्वलास आमंत्रण असतें. अंधार पडल्यावर हांकण्यासाठीं एकट्यानें बागेंत कदापि शिरूं नये. अवचित समोर आलेलें अस्वल तोंडावर व डोक्यावर घाव घालतें. टोपलीभर फळांसाठीं डोळा गमावणें हा व्यवहार नव्हे.

कोंकणांतील बागाइतदारांस माकडांचा उपद्रव नवा नाहीं. वरील विचार त्यांसही लागू पडेल. आपल्या जागेंत दंव केव्हां पडतें, झाड केव्हां फुलतें व जनावरें केव्हां उतरतात, या तारखा दोनतीन वर्षें वहींत टिपून ठेवाव्या व मगच कलमें मागवावीं. रोप चुकीचें लागलें तर ती चूक पांचसात वर्षांनीं कळते, आणि तेवढीं वर्षें परत मिळत नाहींत.