शब्दकोड्यांतून वाचनाचा सराव
आहे, नाही, आणि, म्हणून हे शब्द मराठी पाठ्यपुस्तकात पानोपानी येतात. त्यांचे चित्र दाखविता येत नाही. ते पाहताक्षणी ओळखता यावे लागतात. घरी कोकणी बोलणाऱ्या गोव्यातील बालकाच्या कानी ‘आसा’ पडते; ‘आहे’ बहुधा शाळेतच भेटते. दर वेळी अक्षरे जुळवीत बसल्यास वाक्याचा अर्थ निसटतो आणि पुढे इतर विषयही जड जातात.

यावर शब्दकोडे हा बिनखर्चाचा उपाय होय. पाटीवर चार ओळींत चार-चार घरे आखावीत. तीन शब्द डावीकडून उजवीकडे लिहून उरलेली घरे इतर अक्षरांनी भरावीत. प्रत्येक घरात स्वरचिन्हासह पूर्ण अक्षर असावे : ‘नाही’ची घरे दोन, ‘म्हणून’ची तीन. काना, वेलांटी वा जोडाक्षर तोडू नये. तोडल्यास शब्दाचे रूप डोळ्यांत ठसत नाही.

सापडलेला शब्द बालकाने मोठ्याने वाचावा व वाक्यात योजावा. एरव्ही तो केवळ शोधाचा खेळ ठरतो. दुसऱ्या दिवशी तेच शब्द पाठात शोधावयास सांगावेत. अक्षरओळख नसलेल्या मातापित्यांनीही बालकाचे वाक्य कौतुकाने ऐकावे. तेही मोलाचे साहाय्य आहे.