पावसाळ्यातील सक्युलंट : पाण्याआधी मूळ तपासा

उन्हाळाभर टवटवीत राहिलेले सक्युलंट जुलै उजाडला की मलूल पडू लागते. पाने सुरकुततात, खालची पाने पिवळी होऊन गळतात आणि झाड कुंडीत सैल वाटू लागते. अशा वेळी बहुतेकांचा हात झारीकडे जातो आणि नुकसान तिथूनच वाढते. जून ते सप्टेंबर या काळात महाराष्ट्रात सक्युलंट खंगते, तेव्हा त्याचे कारण तहान असण्यापेक्षा मुळाशी साचलेला ओलावा असण्याचीच शक्यता जास्त असते. म्हणून या हंगामात उपचाराचा क्रम बदलायला हवा. आधी झाड कोणते ते ओळखावे, मग मूळ तपासावे आणि पाण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा. हा क्रम पाळला तर हातची गेली असे वाटणारी अनेक झाडे वाचवता येतात.

सुरकुती काय सांगते, काय सांगत नाही

पानावरची सुरकुती एवढेच सांगते की पानापर्यंत पाणी पोहोचलेले नाही. ते का पोहोचले नाही, हे त्या पानावरून कळत नाही. माती कोरडी असेल तर मुळांना पाणी मिळालेले नसते. माती ओली असूनही पान सुरकुतले असेल, तर पाणी ओढणारी मुळेच बहुधा कुजलेली असतात. दोन्ही झाडे वरून सारखीच दिसतात, पण पहिल्याला पाणी हे औषध आहे आणि दुसऱ्याला तेच घातक आहे. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. मातीतील पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, आणि अशा दुबळ्या मुळांवर पिथियम, फायटोप्थोरा, फ्युजारियम यांसारख्या मूळकुजीच्या रोगकारकांचा हल्ला होतो. त्यानंतर दिलेला प्रत्येक तांब्या कुजीलाच बळ देतो.

हे संकट पावसाळ्यातच का वाढते, याचे उत्तर या झाडांच्या जगण्याच्या रीतीत आहे. बहुतेक झाडे दिवसा पानांची छिद्रे उघडून हवा घेतात आणि त्याबरोबर पाणी गमावतात. जेड, एचेवेरिया, पानफुटी ही क्रॅस्युलेसी कुळातील झाडे, तसेच कोरफड आणि अनेक निवडुंग रात्रीच्या गारव्यात छिद्रे उघडतात, कर्बवायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा छिद्रे मिटून प्रकाशाच्या मदतीने त्याचे अन्न करतात. पाणी वाचवण्याची ही उत्तम सोय आहे. मात्र त्यामुळे ही झाडे मुळातच पाणी फार कमी ओढतात. त्यात आकाश ढगाळ, हवा दमट आणि प्रकाश अपुरा असला की झाडाची वाढ आणखी मंदावते, मातीतून बाष्पीभवनही कमी होते. एप्रिलमध्ये दोन-तीन दिवसांत सुकणारी कुंडी जुलैत आठवडाभर ओली राहू शकते. पाणी देण्याचे वेळापत्रक मात्र तेच राहते आणि मुळे बुडतात.

आधी झाड ओळखा

सर्व सक्युलंटांना एकच नियम लावणे ही दुसरी मोठी चूक आहे. अडेनियम हे आफ्रिका आणि अरबस्तानातील उष्ण प्रदेशातले झाड आहे. ते उन्हाळ्यात जोमाने वाढते आणि थंडीत पाने गाळून विश्रांती घेते, म्हणजे थंडीतली त्याची पानगळ हा आजार नसतो. पावसाळ्यात मात्र पाने पिवळी पडून गळत असतील आणि फुगीर बुंधा दाबल्यावर मऊ लागत असेल, तर ती कूज समजावी. हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेतले असून कडक उष्म्यात ते जवळजवळ थांबते. त्याची जुनी मुळे सुकून नवी फुटणे हाही नेहमीचा क्रम आहे. एचेवेरिया प्रामुख्याने मेक्सिकोच्या डोंगराळ भागातले आहे. तिथे पाऊस उन्हाळ्यातच पडतो, पण रात्री गार असतात आणि खडकाळ उतारावर पाणी थांबत नाही. कोकणातील दमट, उबदार रात्र त्याला मानवत नाही. लिथॉप्सची जुनी पानांची जोडी सुकत असेल, तर नवी जोडी तिच्यातलेच पाणी शोषत असते, त्या वेळी वरून पाणी देणे टाळावे.

झाड ओळखल्यावर लक्षणे नीट वाचता येतात. सर्वांत खालची एक-दोन पाने कागदासारखी वाळली आणि शेंडा निरोगी असला, तर ते केवळ पानांचे वय आहे. पान पारदर्शक, पिवळसर, पाणचट झाले आणि हात लावताच गळून पडले, तर पाणी जास्त झाले आहे. खोड जमिनीलगत काळे पडून मऊ लागत असेल, तर कूज मुळांवरून वर चढली आहे. दोन पानांमधले अंतर वाढून झाड एका बाजूला लांबट होत असेल, तर प्रकाश कमी पडतो आहे. ढगाळ दिवसांनंतर अचानक कडक ऊन मिळून पानावर पांढरट किंवा तपकिरी कोरडे डाग पडले, तर ते उन्हाने भाजणे आहे. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके आणि कुंडीवर मुंग्यांची ये-जा दिसली, तर पिठ्या ढेकूण शोधावा. तो मुळांवरही बसतो, म्हणून मुळे उघडल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही.

'आमच्या डोंगरावर तर ही झाडे पावसातच वाढतात'

हा आक्षेप रास्त आहे. शिंदळ माकुडी ही मांसल खोडाची वनस्पती महाराष्ट्राच्या सह्याद्रीतच सापडते. शिवनेरी आणि जुन्नरच्या परिसरातील कड्यांवर ती पावसाळ्यात पाने धरते आणि कोरड्या ऋतूत पाने गाळून खोडावर तग धरते. मग आपल्या कुंडीतले झाड पावसाने का कुजावे? फरक पावसात नाही, निचऱ्यात आहे. कड्याच्या कपारीत माती मूठभर असते, पाणी पडताच वाहून जाते आणि वारा ओल सुकवतो. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाचे मूळ मात्र बरेचदा नुसत्या कोकोपीटमध्ये असते. कोकोपीट पाणी दीर्घकाळ धरून ठेवते. घरच्या काळ्या मातीत लावले तर ती भिजून फुगते आणि हवेच्या वाटा बंद होतात. म्हणजे कड्यावरचा दाखला आपलाच मुद्दा सिद्ध करतो : पाऊस मुळाशी थांबला नाही तर झाड तो सोसते.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर द्यावा, असे अनेक जण सांगतात. तो पुरेसा नाही. बारीक मिश्रणातले पाणी जाड खड्यांत सहज उतरत नाही, वरचे मिश्रण पूर्ण भरेपर्यंत ते तिथेच अडकून राहते. त्यामुळे ओला थर उलट मुळांच्या आणखी जवळ येतो. सुधारणा संपूर्ण मिश्रणात करावी. एक भाग चाळलेले कुजलेले खत किंवा साधी लाल माती, एक भाग धुतलेली जाडसर वाळू आणि एक भाग विटांचे बारीक तुकडे किंवा पर्लाइट असे प्रमाण बहुतेक जातींना चालते. समुद्राची खारी वाळू आणि पिठासारखी बारीक वाळू वापरू नये. कुंडी मातीची, तळाला भोक असलेली आणि मुळांच्या गड्ड्यापेक्षा थोडीच मोठी असावी, कारण मोठ्या कुंडीतली जादा माती ओली राहते.

झाड खंगले असेल तर

कूज असल्याची शंका आली तर थांबू नये. झाड कुंडीतून काढून सगळी माती झटकावी. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि घट्ट असते. काळे, लिबलिबीत, वास येणारे मूळ स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापावे आणि आतला गर स्वच्छ दिसेपर्यंत कापत जावे. निवडुंगासारख्या दिसणाऱ्या युफोर्बियाचा आणि अडेनियमचा चीक त्वचेला व डोळ्यांना अपायकारक असल्याने हातमोजे घालावेत. जखम सावलीत, हवेशीर जागी तीन ते सात दिवस सुकू द्यावी आणि मगच कोरड्या मिश्रणात लावावे. पहिले पाणी आणखी आठवडाभराने द्यावे. बुंधा पूर्ण गेला असेल तर एचेवेरिया किंवा जेडचा निरोगी शेंडा आणि तळापासून अखंड निघालेली पाने सुकवून त्यांपासून नवी रोपे करता येतात. अडेनियम पानापासून येत नाही, त्यामुळे त्याचा निरोगी बुंधा किंवा फांदीच वाचवावी लागते.

बुरशीनाशक ओतले की काम भागते, असा समज रोपवाटिकांत आहे. कॉपर ऑक्सिक्लोराइडसारखे औषध लेबलवरील मात्रेत वापरल्यास निरोगी भागाचे संरक्षण होऊ शकते, पण कुजलेला भाग त्याने पुन्हा जिवंत होत नाही आणि चिंब मातीत ओतलेले द्रावण ओलच वाढवते. पिठ्या ढेकणासाठी थोड्या झाडांवर स्पिरिटचा बोळा पुरतो. प्रादुर्भाव जास्त असल्यास निंबोळी तेल सायंकाळी, आधी एका रोपावर चाचणी घेऊन फवारावे. व्यावसायिक रोपवाटिकेने लक्षात घ्यावे की शेडनेट ऊन अडवते, पाऊस अडवत नाही. वर पारदर्शक पॉलिफिल्म, बाजू मोकळ्या, ट्रे जमिनीपासून उंच आणि रोपांत हवा खेळेल एवढे अंतर ठेवावे. रोगट रोपांची खेप त्याच दिवशी वेगळी करावी.

मग पावसाळ्यात पाणी द्यायचेच नाही का? असे नाही. छताखालचे जेड किंवा खिडकीतली कोरफड खरोखर तहानू शकते. लाकडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खोचावी. ती कोरडी निघाली, कुंडी उचलल्यावर हलकी लागली आणि झाड मुळाशी घट्ट असेल, तर सकाळी भोकातून वाहून जाईपर्यंत भरपूर पाणी द्यावे. रोजचा एक-एक घोट देऊ नये. काडी ओली असेल तर वाट पाहावी. निर्णय चुकलाच तर कोणत्या बाजूने चुकावे, याचे उत्तरही झाडच देते. तहानलेले सक्युलंट साठ्यावर आणखी काही आठवडे काढते आणि पाणी मिळताच भरून येते. कुजलेले मूळ पुन्हा सजीव होत नाही. म्हणून शंकेच्या वेळी पाणी थांबवणे हाच कमी धोक्याचा मार्ग आहे.

सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की प्रत्येक कुंडीतले मूळ एकदा पाहून घ्यावे, मिश्रण बदलायचे असल्यास तेव्हाच बदलावे आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हात झाडे एकदम न नेता दहा-पंधरा दिवसांत टप्प्याटप्प्याने न्यावीत. पाण्याचे प्रमाणही वाढत्या ऊन-वाऱ्याबरोबर हळूहळू वाढवावे. पुढच्या पावसाळ्याची तयारी इथूनच सुरू होते, कारण निचऱ्याच्या मिश्रणात बळकट मुळे धरलेले झाडच जुलैचा ओलावा सोसू शकते.