घडीचे सौर पॅनेल व त्यावरील आकडा

१९५५ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ४ तारखेस अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अमेरिकस ह्या गावानजीकच्या टेलिफोनच्या तारांवर एक नवीन प्रयोग सुरू झाला. तेथील एका खांबाच्या माथ्यावर सिलिकॉनच्या लहान लहान घटांची एक चौकट बसविण्यात आली होती. दिवसा ह्या घटांनी उन्हापासून वीज निर्माण करावी, तिच्या बळावर तारेतून जाणारे संभाषण सशक्त करणारे यंत्र चालावे आणि उरलेली वीज संचायक घटात साठून रात्री कामी यावी, अशी ती योजना होती. असे घट बेल प्रयोगशाळेतील डॅरिल चॅपिन, कॅल्विन फुलर व जेराल्ड पिअर्सन ह्या तिघांनी सिद्ध केले होते आणि १९५४ च्या एप्रिलमध्ये ते जगापुढे मांडले गेले होते. घटांवर पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेचे विजेत रूपांतर होई. प्रयोग तांत्रिक दृष्टीने सफल झाला; परंतु घटांची त्या काळची किंमत पाहता तो कोणास परवडणारा नव्हता.

खांबावरची ती चौकट आज वहीसारखी घडी करून पाठीवरच्या पिशवीत नेता येते. घटांची कार्यक्षमता ६ टक्क्यांवरून २० ते २४ टक्क्यांपर्यंत चढली आहे आणि किंमत इतकी उतरली आहे की, गिर्यारोहक, पदयात्री, मेंढपाळ अथवा वीज न पोहोचलेल्या वस्तीवर मुक्काम करणारा कोणीही ते विकत घेऊ शकतो. ह्या पॅनेलवर एक आकडा छापलेला असतो : १० वॅट, २० वॅट, २८ वॅट. घेणारा मनुष्य ह्या आकड्यावर विसंबून हिशेब मांडतो आणि घरापासून चार दिवसांच्या वाटेवर गेल्यावर तो हिशेब चुकल्याचे त्यास कळते. वाटेचा नकाशा, विजेरी आणि मदत मागण्याचे साधन ही तिन्ही एकाच भ्रमणध्वनीत सामावलेली असताना ही चूक लहान राहत नाही.

प्रथम तो आकडा कोठून येतो हे पाहू. पॅनेलची परीक्षा प्रयोगशाळेत होते. तेथे कृत्रिम प्रकाश असा सोडला जातो की, दर चौरस मीटरवर १,००० वॅट इतकी ऊर्जा लंब दिशेने पडावी. आणि त्या क्षणी घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस राखलेले असते. ह्या परिस्थितीत जी शक्ती मिळते तीच पॅनेलवर छापतात. त्यात लबाडी काहीच नाही; सर्व पॅनेलांची तुलना एकाच मापाने व्हावी म्हणून ही परिस्थिती ठरविलेली आहे. मात्र उघड्या माळावर १,००० वॅटचे लंब ऊन आणि २५ अंशांचा घट ह्यांची गाठ क्वचितच पडते. ऊन कडक असेल तेव्हा घट तापतो, आणि घट थंड असतो तेव्हा बहुधा सूर्य खाली असतो.

लबाडी असते ती वेगळ्या ठिकाणी, आणि ती ओळखण्यास एक साधी मोजपट्टी पुरते. १०० चौरस सेंटिमीटर जागेवर भर उन्हात १० वॅट पडतात. त्यांचा पाचवा हिस्सा, म्हणजे २ वॅट, हाती येतो. उत्तम घट असल्यास किंचित अधिक. तेव्हा २० वॅटचे म्हणविणारे पॅनेल घड्या उलगडल्यावर निदान ३० सेंटिमीटर लांब व तितकेच रुंद भरले पाहिजे, आणि तेही केवळ काळसर घटांचे क्षेत्रफळ. भोवतीच्या कापडाचे नव्हे. बाजारात जी पॉवर बँक मिळते, तिच्यातील काहींच्या पाठीवर तळहाताएवढा सौर घट बसविलेला असतो. त्याची लांबी १४ व रुंदी ८ सेंटिमीटर धरली तर क्षेत्रफळ ११२ चौरस सेंटिमीटर होते आणि मिळणारी शक्ती फार तर सव्वादोन वॅट. पॉवर बँकेवर १०,००० मिलिॲम्पिअर-तास असे लिहिलेले असते. हा आकडा आतील घटाच्या ३.७ व्होल्ट दाबाचा असल्यामुळे तिच्यात मावणारी ऊर्जा ३७ वॅट-तास होते. सव्वादोनने भागल्यास साडेसोळा तास येतात. आणि हे तास भर दुपारचे, निरभ्र व सूर्यासन्मुख हवेत. दिवसाकाठी असे चार-पाच तास मिळाले तरी चार दिवस जातील. हा घट शोभेचा आहे असे म्हणणे कठोर वाटेल, पण चुकीचे ठरणार नाही.

आता खऱ्या पॅनेलकडे वळू. त्यावरील घट काय करतो? सिलिकॉन हा अर्धसंवाहक पदार्थ आहे. प्रकाशाचा कण त्यात शिरला की एक इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून सुटतो, आणि घटाच्या दोन थरांमधील विद्युत्‌क्षेत्र त्यास एका बाजूस ढकलते. हा प्रवाह बाहेरच्या तारेतून फिरवून आपण त्याच्याकडून काम करून घेतो. प्रवाह किती मिळेल हे प्रकाशावर अवलंबून असते. दाब मात्र एका घटास जेमतेम अर्ध्या व्होल्टच्या आसपास मिळतो. फोनला ५ व्होल्ट लागतात. म्हणून दहा-बारा किंवा अधिक घट एकापुढे एक असे एकसरी जोडतात, आणि शेवटी दाब ५ व्होल्टवर स्थिर ठेवणारे एक लहानसे नियामक मंडल बसवितात.

ह्या एकसरी जोडणीतच एक मोठी अडचण दडलेली आहे. बांधकामावर मजुरांची रांग लागते व घमेली हातोहात पुढे जातात. रांगेतील एकच मजूर दमला तर बाकीचे कितीही चपळ असोत, घमेली त्याच्याच गतीने सरकतात. घटांचेही तसेच आहे. एका घटावर झाडाचे पान पडले, पिशवीचा पट्टा लोंबला किंवा डोंगराच्या सावलीची कड आली की संपूर्ण ओळीचा प्रवाह त्या घटाइतका खाली येतो. छपरावरील मोठ्या पॅनेलमध्ये अशा घटास वळसा घालून प्रवाह जावा म्हणून डायोड बसविलेले असतात. घडीच्या लहान पॅनेलात ते कमी असतात वा मुळीच नसतात. शाळेत एखादे लहान पॅनेल व मापक उपलब्ध असल्यास विद्यार्थ्यांनी भर उन्हात केवळ एका घटावर पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे. दहा घटांतील एक झाकला म्हणजे दहावा हिस्सा कमी होईल, अशी सर्वांची अपेक्षा असते. मापकाचा आकडा पाहून वर्गात जी शांतता पसरते ती ऐकण्याजोगी असते.

सूर्याच्या दिशेचा प्रश्न याहून सोपा आहे, तरी त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. किरण लंब पडले तर पूर्ण ऊर्जा मिळते. पॅनेल त्या दिशेपासून २५ अंश कलले तरी फक्त दहावा हिस्सा जातो, परंतु ६० अंश कलले की निम्मेच उरते. लंब दिशा साधण्यास कोणतेही यंत्र नको. पॅनेलवर एक पेन्सिल काटकोनात उभी धरावी व तिची सावली नाहीशी होईपर्यंत पॅनेल हळूहळू वळवावे. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा वळविले की पुरे.

चालताना पॅनेल पाठीवरच्या पिशवीस टांगण्याची चाल फार आहे, आणि जाहिरातीतील चित्रांनी तिला हातभार लावला आहे. लडाखमधील मरखा खोऱ्याचे उदाहरण घेऊ. मरखा नदी वायव्येकडे वाहत जाऊन झांस्कर नदीस मिळते. स्किऊपासून निमालिंगच्या कुरणाकडे जाणारा पदयात्री नदीच्या उलट दिशेने, म्हणजे आग्नेयेकडे चालत असतो. सकाळी सूर्यही आग्नेयेकडेच असतो. ऊन यात्रिकाच्या तोंडावर आणि पॅनेल त्याच्याच पाठीच्या सावलीत, अशी स्थिती दुपारपर्यंत राहते! आकाशातून व खडकांवरून परावर्तित होऊन येणारा प्रकाश तेवढा पॅनेलला मिळतो. उन्हाळ्यात सह्याद्रीत वा सातपुड्यात दिशा कोणतीही असली तरी फरक पडत नाही. नागपूरच्या अक्षांशावर मे-जून महिन्यांत मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि उभ्या टांगलेल्या पॅनेलच्या कडेस घासून किरण खाली निघून जातात. पावसाळ्यातील सह्याद्रीचा तर विचारच करू नये. दाट ढगांतून उन्हाचा दहावा-पाचवा हिस्साच खाली पोहोचतो. जुलैत गडावर पॅनेल नेणाऱ्याने एक अधिक पॉवर बँक न्यावी, ती वजनाने हलकी पडेल.

उष्णतेचा परिणाम पुष्कळांना चमत्कारिक वाटतो. ऊन जितके रखरखीत तितकी वीज अधिक, ही समजूत अर्धीच खरी आहे. घटाला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. तापमान वाढले की घटाचा दाब उतरतो, आणि दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्का शक्ती कमी होते. मे महिन्यात जैसलमेरच्या वाळूवर पसरलेले पॅनेल सहज ७० अंशांपर्यंत तापते. प्रयोगशाळेतील २५ अंशांहून हे ४५ अंश अधिक, म्हणजे जवळजवळ १६ टक्के शक्ती गेली. तेच पॅनेल लेहमध्ये सप्टेंबरच्या थंड वाऱ्यात ठेवले तर इतके तापत नाही. शिवाय साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच असल्यामुळे उन्हाची वाटेत गळतीही कमी होते. सौर पॅनेलच्या दृष्टीने लडाख वाळवंटाहून सरस आहे. पॅनेल जमिनीवर न पसरता दोन दगडांवर टेकून ठेवले व त्याच्या पाठीमागून वारा खेळू दिला, तर वाळवंटातही तोटा काहीसा भरून निघतो.

आपला पदयात्री दुपारी एक वाजता मुक्कामास पोहोचला असे समजू. त्याच्यापाशी प्रामाणिक २० वॅटचे पॅनेल आहे. ते त्याने पेन्सिलीच्या सावलीने नीट लावले आणि तीन वाजेपर्यंत वेळोवेळी वळविले. ऊन ९०० वॅटचे धरले तर २० चे १८ झाले. पॅनेल ४५ अंशांपर्यंत तापल्यामुळे आणखी ७ टक्के गेले, १६.७ उरले. नियामक मंडलाने १५ टक्के घेतले. १४ वॅट हाती आले. दोन तासांत २८ वॅट-तास. पॉवर बँकेत शिरताना त्यांचे २५ होतात, बाहेर पडताना २१, आणि फोनच्या आतील घटात प्रत्यक्ष जाऊन बसतात ते १९ च्या आसपास. ५,००० मिलिॲम्पिअर-तासांच्या फोनमध्ये मावणारी ऊर्जाही साधारण १९ वॅट-तासच असते. छापील आकड्याप्रमाणे दोन फोन भरावयास हवे होते. सर्व दक्षता घेऊनही एक भरला. पॅनेल पाठीवर लोंबकळत ठेवून सकाळभर चाललेल्या त्याच्या सोबत्याचा फोन अर्धाही भरलेला नसेल.

येथे एक शंका निघेल. मध्ये पॉवर बँक घालून दोन वेळा तोटा का सोसावा? फोन सरळ पॅनेललाच का जोडू नये? ह्याचे उत्तर ढगांनी दिले आहे. फोन हा लहरी ग्राहक आहे. जोडणी होताच किती प्रवाह मिळेल ह्याचा तो अंदाज घेतो आणि त्यानुसार मागणी करतो. मेघखंड सूर्यावरून गेला की पॅनेलचा दाब कोसळतो व भारण थांबते. ऊन परत आले तरी कित्येक फोन पूर्वीइतकी मागणी करीत नाहीत. तार काढून पुन्हा जोडीपर्यंत ते थेंब थेंब वीज घेत राहतात. नदीवर स्नानास गेलेला मालक दोन तासांनी परत येतो तो आकडा होता तेथेच. पॉवर बँक ह्या बाबतीत बहुधा अधिक समजूतदार असते. दुसरे कारण असे की, पॅनेलच्या जवळ उन्हात ठेवलेला फोन स्वतःच तापतो, आणि लिथियम-आयन घट ४५ अंशांच्या पुढे गेला की त्याचे भारण मंद होते वा बंद पडते. साधन कोणतेही असो, ते पॅनेलच्या मागील सावलीत किंवा कापडाखाली ठेवावे. पॅनेल उन्हात आणि घट सावलीत, एवढे पाळले तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

थंडीचा धोका ह्याच्या उलट प्रकारचा आहे आणि तो डोळ्यांस दिसत नाही. लिथियम-आयन घट शून्य अंशाखाली असताना भारित केला तर लिथियमचे अणू ग्रॅफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठावर धातूच्या रूपाने साचू लागतात. घटाची क्षमता त्यामुळे कायमची घटते, आणि हा साठा आतल्या आत वाढत गेल्यास घट निकामी अथवा धोकादायक होऊ शकतो. निमालिंग साडेचार हजार मीटरांहून उंच आहे आणि तेथे सप्टेंबरच्या रात्री पाणी गोठते. पहाटे तंबूबाहेर पॅनेल मांडून त्याला रात्रभर पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात गारठलेली पॉवर बँक जोडण्याची घाई करू नये. जाणते पदयात्री ती रात्री झोपण्याच्या पिशवीत पायाशी घेऊन निजतात, आणि ऊन कड्यावरून खाली उतरून कुरणास लागले, हाताला घट कोमट लागला, म्हणजे मग तार जोडतात.