धनुष्याची जुळवणी

मे 2023 मध्ये चीनमधील शांघाय येथे झालेल्या विश्वचषक तिरंदाजी स्पर्धेत बुलढाण्याच्या प्रथमेश जवकार याने सुवर्णपदक मिळवले. अंतिम लढतीत त्याने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला 149-148 असे हरवले. प्रत्येकी 15 बाण मारून फरक पडला तो अवघ्या एका गुणाचा! असा एकेक गुण राखायचा, तर सरावाच्या जोडीला धनुष्यही नीट जुळवलेले असावे लागते.

प्रथमेश वापरतो ते कंपाउंड धनुष्य. याच्या दोन्ही टोकांना चाके असतात. पण त्यांचा आस मध्यभागी नसतो. त्यामुळे दोरी ओढताना आधी बराच जोर लागतो आणि पूर्ण ओढल्यावर तो पुष्कळ कमी होतो. तिरंदाजाला शांतपणे नेम धरता येतो. पात्यांत साठलेली ऊर्जा मात्र कायम असते. दोरी सुटताच तिचा मोठा भाग बाणाला मिळतो.

आता थोडे गणित करू. लक्ष्य 50 मीटरवर असते आणि 10 गुणांच्या वर्तुळाचा व्यास 8 सेंटिमीटर असतो. बाणाचा वेग सेकंदाला 85 मीटर माना. लक्ष्य गाठायला त्याला 0.588 सेकंद लागतील. तेवढ्या वेळात तो गुरुत्वाकर्षणाने ½gt², म्हणजे सुमारे 1.70 मीटर खाली येईल. वेग 84 मीटर झाला, तर हीच घट 1.74 मीटर होते. वेगात एका मीटरची तूट आली, की बाण 4 सेंटिमीटर खाली. म्हणजे मध्यबिंदूवरून थेट वर्तुळाच्या कडेवर!

ही तूट येते कोठून? बाण सुटताना त्याचे शेपूट वर किंवा बाजूला गेले, तर तो हवेला तिरपा सामोरा जातो आणि हवेचा विरोध वाढतो. मागची पिसे त्याला सरळ करतात, पण तोवर वेग घटलेला असतो. ही चूक दर वेळी सारखीच असती, तर व्हर्नियरची शून्य-त्रुटी वजा करतो तसे नेमयंत्र सरकवून भागले असते. परंतु वारा आणि दोरी सोडण्याची पद्धत यांप्रमाणे ती दर बाणाला बदलते. म्हणून ती मुळातच काढावी लागते.

यासाठी सोपी कसोटी आहे. चौकटीत ताणलेल्या कागदातून सुमारे दोन मीटरवरून बाण मारतात. टोकाचे भोक आणि पिसांच्या चिरा एकाच जागी पडल्या, तर बाण सरळ गेला. पिसांच्या चिरा भोकाच्या वर पडल्या, तर शेपूट वर होते. मग दोरीवर बाण बसवण्याची जागा किंचित खाली घेतात. दोन्ही चाके बरोबर एकाच वेळी फिरतात की नाही, हे त्याआधीच तपासतात. चिरा बाजूला पडल्या, तर बाण टेकण्याचा आधार सरकवतात किंवा बाणाचा ताठपणा पाहतात. मात्र एका वेळी एकच बदल करायचा. नाहीतर गुण कशामुळे आला ते कळत नाही. तुमच्या प्रयोगशाळेतला नियमही हाच आहे, नाही का?

ही कसोटी प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीच पाहा. घरी मात्र हे गणित सोडवा : वेग 80 वरून 79 मीटरवर आला, तर बाण किती खाली जाईल? उत्तर 4 सेंटिमीटरपेक्षा जास्त येते की कमी, आणि का?