बालकाचे विचारविश्व : पाळण्यापासून कुमारवयापर्यंत

'लेकराला काय कळतंय?' हे वाक्य आपल्या घराघरांतून दिवसातून दहा वेळा तरी ऐकू येते. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस. त्याच्याजवळ माहिती कमी आहे, ती भरली की झाले शहाणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. शाळेतही पुष्कळदा याच समजुतीवर शिकवणे चालते. उत्तर बरोबर आले की मूल हुशार, चुकले की 'ढ'. मानसशास्त्र हा विषय अभ्यासाला घेतल्यावर ही समजूत किती अपुरी आहे, हे माझ्या लक्षात येऊ लागले. मुलाच्या चुकीच्या उत्तरालाही स्वतःची एक रीत असते आणि वयाबरोबर ती रीत बदलत जाते. प्रस्तुत लेखात या बदलाचा थोडक्यात परिचय करून देण्याचा माझा प्रयत्न आहे.

चुकांचा अभ्यासक

या विषयात पहिले नाव येते ते ज्याँ पियाजे यांचे. त्यांचा जन्म १८९६ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल या गावी झाला. मूळचा ओढा प्राणिशास्त्राकडे. वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी, १९०७ साली, एका पांढऱ्या चिमणीविषयीचे त्यांचे टिपण छापून आले होते. पुढे गोगलगायींसारख्या मृदुकाय प्राण्यांचा अभ्यास करून त्यांनी १९१८ साली डॉक्टरेट मिळवली.

१९२० च्या सुमारास ते पॅरिसला होते. बुद्धिमापनाची पहिली कसोटी रचणारे आल्फ्रेद बिने १९११ साली निवर्तले होते. त्यांचे सहकारी थिओदोर सिमाँ यांनी या तरुणाकडे एक काम सोपवले. इंग्रजीतील काही तर्कप्रश्न फ्रेंच मुलांना घालायचे आणि बरोबर उत्तरे मोजायची. पियाजेंचे लक्ष मात्र चुकलेल्या उत्तरांकडे गेले. एकाच वयाची मुले साधारण एकाच तऱ्हेने चुकतात, हे त्यांनी टिपले. मग ते मुलांना विचारू लागले, 'तुला असे का वाटते?' हा 'का' त्यांनी पुढे जन्मभर सोडला नाही. १९२१ साली ते जिनिव्हाला आले. पत्नी व्हॅलेंतीन यांच्या साहाय्याने त्यांनी आपल्या तिन्ही मुलांच्या वाढीची बारकाईने नोंद ठेवली. १९८० साली त्यांचे निधन झाले.

विकासाच्या चार पायऱ्या

पियाजेंनी वैचारिक विकासाच्या चार अवस्था सांगितल्या आहेत. वयाचे आकडे ढोबळ असून पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा, असे त्यांचे म्हणणे होते.

१) जन्म ते दोन वर्षे. या काळात मूल हातांनी, तोंडाने आणि डोळ्यांनी विचार करते. खुळखुळा चोखणे, आपटणे, फेकणे हाच त्याचा अभ्यास. पाचसहा महिन्यांच्या बाळासमोर खुळखुळा फडक्याखाली झाकला तर ते तो शोधत नाही. आठनऊ महिन्यांचे झाले की फडके ओढू लागते. दिसत नसली तरी वस्तू असते, हे ज्ञान त्याला हळूहळू मिळते. आई पदराआड तोंड लपवून 'कुक्' करते तेव्हा बाळ खदखदून का हसते, याचे मर्म काही अंशी येथे सापडते.

२) दोन ते सात वर्षे. आता भाषा येते आणि काठीचा घोडा होतो. समोर नसलेल्या वस्तूविषयी मूल बोलू शकते, ही फार मोठी झेप होय. तथापि डोळ्यांना जे ठळक दिसते तेच त्याला खरे वाटते. जेवताना 'अजून एक भाकरी' म्हणून हटून बसलेल्या पोराला आई पानातल्याच भाकरीचे दोन तुकडे करून देते आणि त्याचे समाधान होते. आपल्या आयांना हे पुस्तकाविना ठाऊक आहे.

माझ्या शेजारच्या पाच वर्षांच्या मुलीसमोर मी दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घेतले. 'दोन्हीत तेवढंच,' असे तिनेच सांगितले. मग एका पेल्यातील पाणी अरुंद बाटलीत ओतले. 'बाटलीत जास्त!' मी कारण विचारले. 'बघ ना, किती वर चढलंय!' तिची नजर उंचीवर खिळली होती. रुंदी कमी झाली याचा हिशेब तिने केला नव्हता. याच वयात आपल्याला दिसते तेच दुसऱ्यालाही दिसते असे मुलाला वाटते, आणि चांदोबा आपल्याच मागोमाग चालत येतो असेही वाटते. पियाजेंनी यास आत्मकेंद्रितता म्हटले आहे. हा स्वार्थ नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

३) सात ते अकरा वर्षे. वरील प्रयोग चालू असताना तिसरीत शिकणारा तिचा भाऊ मध्येच म्हणाला, 'येडे, परत पेल्यात ओत की, तेवढंच होईल!' या एका वाक्यात तिसरी अवस्था सामावलेली आहे. केलेली क्रिया मनातल्या मनात उलटी करून पाहणे आता जमते. परंतु सगळीकडे एकदम नव्हे. मातीच्या गोळ्याची लांब वळी केली तरी माती तेवढीच, हे सातआठ वर्षांचे मूल मान्य करते. वजनही तेवढेच राहते, हे नऊदहाव्या वर्षी उमगते. पाण्यात बुडवल्यास ती जागाही तेवढीच व्यापेल, हे समजण्यास अकरा-बारा वर्षे लागतात. म्हणून या वयात हाताशी मणी, खडे, काड्या असल्या की गणित सोपे जाते. नुसत्या शब्दांत सांगितले की अवघड होते.

४) अकरा-बारा वर्षांपुढे. बार्बेल इनहेल्डर या सहकारी विदुषीबरोबर पियाजेंनी मुलांपुढे एक लंबक टांगला. त्याच्या झोक्याचा वेग कशावर अवलंबून आहे? दोरीची लांबी, वजन, सोडण्याची उंची की दिलेला झोका? लहान मुले एकाच वेळी दोनतीन गोष्टी बदलत आणि गोंधळत. कुमारवयीन मुले बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलत आणि दोरीच्या लांबीपाशी पोचत. जे आहे त्यापलीकडे जे असू शकेल त्याचा विचार आता सुरू होतो. 'असेच का? वेगळे का नाही?' असे या वयातील मुले घरात आणि समाजात विचारू लागतात. त्या उद्धटपणामागे नव्याने लाभलेली ही शक्तीही असते.

प्रश्न कोण विचारतो?

पियाजेंच्या सिद्धांतावर पुढे पुष्कळ टीका झाली. अमेरिकेतील रेने बेयार्जाँ यांनी १९८७ साली दाखवले की, अशक्य प्रसंग घडताना दिसला तर चारएक महिन्यांची बाळेदेखील त्याकडे अधिक वेळ टक लावून पाहतात. म्हणजे झाकलेल्या वस्तूची जाण हाताआधी डोळ्यांत येत असावी. रशियाचे लेव व्हिगोत्स्की, पियाजेंच्याच वर्षी जन्मलेले आणि १९३४ साली अकाली निवर्तलेले, यांनी निराळाच मुद्दा मांडला. मूल एकटे काय करते याइतकेच जाणत्याच्या मदतीने काय करू शकते हेही पाहा, असे त्यांचे सांगणे होते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एडिंबरोचा प्रयोग. मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी १९७४ मध्ये चार ते सहा वर्षांच्या ८० मुलांपुढे सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या. प्रयोगकर्त्याने स्वतः एक ओळ बदलून 'आता दोन्हीत सारख्याच आहेत का?' असे विचारले, तेव्हा थोड्याच मुलांनी बरोबर उत्तर दिले. तीच ओळ एका 'खोडकर अस्वला'ने विस्कटली असे दाखवले, तेव्हा ५० मुलांनी बरोबर सांगितले. मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदलून पुन्हा तोच प्रश्न केला, की आपले आधीचे उत्तर चुकले असावे, असे मुलाला वाटते. मुलाची परीक्षा घेताना प्रश्नाचीही परीक्षा होत असते, ती अशी.

ब्राझीलमधील रेसिफे शहरातल्या एका अभ्यासात हेच अधिक स्पष्ट झाले. तेथे रस्त्यावर नारळ विकणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला संशोधकांनी गिऱ्हाईक होऊन विचारले, 'नारळ ३५ ला एक, तर चार नारळांचे किती?' तो तोंडी म्हणाला, 'तिनांचे १०५, आणि ३० म्हणजे १३५... १४०.' पुढे कागदावर ३५ गुणिले ४ दिले, तर त्याने उत्तर लिहिले २००! चार पंचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. हातचा आधी मिळवला आणि मग गुणले. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. केवळ कागद पाहणारा परीक्षक या मुलाला काय म्हणाला असता?

माझी आई शाळेत गेलेली नाही. आठवडी बाजारात पावशेर मिरची, दीड किलो वांगी आणि मागची उधारी यांचा हिशेब ती गिऱ्हाइकाने पिशवी उघडण्याआधी करते. तिला 'अडाणी' म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. पियाजेंनी १९७२ साली एका लेखात आपल्याच मताला मुरड घातली होती. सुतार किंवा यांत्रिक कारागीर आपल्या कामापुरता पूर्ण तर्कशुद्ध विचार करील, पण शाळकरी प्रश्नात तो मागे पडलेला दिसेल, असे त्यांनी लिहिले. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आईची भाजीची पाटी आली.

आपल्याकडील वाट

हे सारे परदेशातले, असे कोणी म्हणेल. पण ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले आणि अनुताई वाघांसह ते पुढे कोसबाडला नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. पाने, बिया, शिंपले हेच तेथील शिक्षणाचे साहित्य झाले. मुलाच्या ओळखीच्या जगातून प्रश्न विचारला तर त्याची बुद्धी प्रकट होते, हे त्यांनी कृतीने दाखवले.

आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी कितीतरी विद्यार्थी शिक्षकी पेशाकडे वळतात, आणि आईबाप तर बहुतेक सारेच होणार आहेत. त्यांच्यापुढे मी एवढेच ठेवू इच्छितो : पाटीवर चुकीचे उत्तर दिसले तर फुली मारण्यापूर्वी मुलाला एकदा 'का?' असे विचारावे आणि त्याचे सांगणे पुरते होईपर्यंत थांबावे. ज्या घरात पाटी पहिल्यांदाच आली आहे, तेथील मुलाच्या बाबतीत तर हे थांबणे फार गरजेचे आहे. कारण त्याला एकदा 'ढ' म्हटले, की ते खोडून काढणारे घरात दुसरे कोणी नसते.

(द्वितीय वर्ष, कला)