नौकेच्या इंजिनाचा बझर वाजतो तेव्हा

यांत्रिक नौकेच्या इंजिनावर तेलाचा दाब, पाण्याचे तापमान व बॅटरीचे चार्जिंग यांची सूचना देणारे लाल दिवे आणि बझर असतात. खारी हवा व तळातील ओल यांमुळे त्यांच्या वायरी लवकर खराब होतात. बझर विनाकारण वाजू लागला की कंटाळून त्याची वायरच काढून ठेवली जाते. असे करू नये.

बझर वाजल्यास प्रथम इंजीन पाहावे, वायर नंतर. तेलाचा दिवा लागला असल्यास इंजीन ताबडतोब बंद करून नांगर टाकावा. नौका खडकाजवळ किंवा खाडीच्या मुखाशी लाटांत असेल तर मात्र आधी माणसे, मग इंजीन. पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिकवर तेलाची पातळी पाहावी. तापमानाचा दिवा लागला असल्यास वेग कमी करून, समुद्राचे पाणी बाहेर पडते का ते पाहावे. पडत नसेल तर इंजीन बंद करावे. बहुधा गाळणीत प्लॅस्टिक किंवा जेलीफिश अडकलेले असते, नाहीतर पंपाचा रबरी इंपेलर तुटलेला असतो. गरम टाकीचे झाकण उघडू नये.

तेल व पाणी ठीक असेल तरच वायरिंगकडे वळावे. बहुतेक इंजिनांवर तेलाच्या व तापमानाच्या स्विचला एकच वायर असते. दाब घटला किंवा उष्णता वाढली की स्विच ती वायर इंजिनाच्या अंगाशी, म्हणजे अर्थशी, जोडतो व बझर वाजतो. म्हणून सोललेली वायर इंजिनाला टेकली तर खोटी सूचना मिळते. उलट वायर तुटली किंवा टर्मिनल गंजले तर बझर वाजतच नाही. हा दुसरा दोष अधिक घातक, कारण तो कळत नाही.

परीक्षा सोपी आहे. इंजीन सुरू न करता किल्ली फिरवावी. तेलाचा व चार्जिंगचा दिवा लागून बझर वाजला पाहिजे. न वाजल्यास फ्यूज, बझर व जोड तपासावेत. थंड इंजिनावर तापमानाचा दिवा लागत नाही. त्यासाठी स्विचची वायर काढून क्षणभर इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवावी. मीटरची वायर मात्र अशी टेकवू नये. बझर सतत वाजत असेल तर स्विचची वायर काढावी. तरीही वाजतच राहिला तर ती वायर वाटेत कोठेतरी सोलली आहे. थांबला तर स्विच संशयित. परंतु दाब मापकाने तपासल्याशिवाय स्विचला दोष देऊ नये.

चार्जिंगचा दिवा पेटून राहिल्यास पट्टा प्रथम पाहावा. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर इंजीन तापू लागेल. १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजीन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत. इंजीन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच कधीही बंद करू नये, अल्टरनेटरचे डायोड जळतात.

पावसाळी बंदीनंतर नौका पाण्यात लोटण्यापूर्वी सर्व टर्मिनल पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून, वर पेट्रोलियम जेली लावावी. किल्लीची परीक्षा किनाऱ्यावरच होते. इंजीन मात्र तेथे कोरडे चालवू नये, इंपेलर जळतो. एक जादा इंपेलर, पट्टा व चार फ्यूज नौकेवर नेहमी ठेवावेत.