पिवळा दिवा, युरिया आणि आजींची धाप

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. बार्शीच्या आडतबाजारातील एक ओळखीचे व्यापारी भल्या सकाळी दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, आईला रात्रीपासून धाप लागली आहे, तेवढी घरी व्हिजिट करा," म्हणाले. आजींचे वय पंचाहत्तरच्या पुढचे. उमेदीची तीस-पस्तीस वर्षे त्यांनी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापल्या, त्यामुळे त्यांची फुफ्फुसे आधीच अधू झालेली. पंप नियमित चालू होता. तरीही त्या हिवाळ्यात त्यांना असा त्रास होण्याची ती तिसरी खेप होती.

आम्ही वाड्यात शिरलो तेव्हा पोर्चमध्ये शेठजींची डिझेल गाडी चालू होती. ड्रायव्हर बाजूला उभा राहून चहा पीत होता. "गरम होऊ देतोय साहेब," म्हणाला. गाडीचा मागचा भाग आजींच्या खिडकीकडे होता आणि खिडकी हातभरच लांब. खिडकीखालची पांढरी भिंत सायलेन्सरच्या उंचीवर चांगली काळी झाली होती. आजींना तपासले, औषध दिले, नेब्युलायझर लावला. जरा श्वास बसल्यावर त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ह्या वासानंच माझी सकाळ उजाडते बघा."

बाहेर आल्यावर मी शेठजींना विचारले, "गाडी तर अलीकडची दिसते. मग भिंत काळी कशी?" तेव्हा त्यांनी सारे सांगितले. डॅशबोर्डवर सारखा पिवळा दिवा लागायचा. कधी फिल्टरचा, तर कधी युरियाचा. एका गॅरेजवाल्याने फिल्टर आतून पोकळ करून दिला आणि युरियासाठी एक डबी बसवली. "आता दिवा लागत नाही, युरिया लागत नाही, ॲव्हरेजही वाढलं," असे शेठजी समाधानाने म्हणाले.

वाचकांना वाटेल, आरोग्याच्या सदरात सायलेन्सरच्या गप्पा कशाला? पण तो पिवळा दिवा इंजिनापेक्षा माणसाच्या छातीसाठी लावलेला आहे, आणि हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

डिझेलच्या धुरात दोन गोष्टी विशेष त्रासदायक असतात. पहिली काजळी. डोळ्यांना दिसते ती तिची ढेकळे. खरे घातक कण इतके बारीक असतात की ते नाकातल्या केसांना आणि घशातल्या चिकट स्रावाला चुकवून थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात. त्यांच्यामुळे दमा उसळतो आणि हृदयविकाराच्या रोग्यांनाही धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखूही त्याच गटात आहे. (गट पुराव्याच्या भक्कमपणावरून ठरतो, दोन्हींचा धोका सारखाच आहे, असा त्याचा अर्थ नव्हे.) दुसरी गोष्ट म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइड्स. हे वायू श्वासनळीचे अस्तर सुजवतात, आणि कडक उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. तोही दम्याचा शत्रूच. सायलेन्सरमधून निघताना हे वायू सहसा दिसत नाहीत. आपण धूर काळा दिसला तर नाक दाबतो, नाही दिसला तर निर्धास्त होतो.

या दोन शत्रूंसाठी गाडीत दोन पहारेकरी असतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. डिझेलमधले गंधकही दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले, कारण जादा गंधक असेल तर ही नाजूक यंत्रणा टिकत नाही. पहिला पहारेकरी म्हणजे डीपीएफ, काजळी अडवणारी चिनीमातीसारख्या पदार्थाची जाळी. ती काजळी धरून ठेवते आणि भरत आली की सुमारे ६०० अंश उष्णतेत जाळून टाकते. दुसरा पहारेकरी म्हणजे युरियाची यंत्रणा. आपले ड्रायव्हर ज्याला नुसते 'युरिया' म्हणतात ते द्रावण म्हणजे ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकीचे क्षार काढलेले पाणी. गरम धुरात ते फवारले की त्यातून अमोनिया निघतो आणि तो नायट्रोजनच्या ऑक्साइड्सचे साधा नायट्रोजन वायू आणि पाण्याची वाफ करून टाकतो. काही डिझेल गाड्यांत युरियाची टाकी नसते, तेथे हे काम दुसऱ्या पद्धतीने होते. आपल्या गाडीत काय आहे ते पुस्तिकेत पाहावे.

शेठजींच्या गाडीत दोन्ही पहारेकरी मारून टाकलेले होते. डबी काय करते? गाडीच्या संगणकाला 'युरिया आहे, सगळे ठीक आहे' अशी खोटी खबर देत राहते. ताप उतरवण्याऐवजी थर्मामीटर फोडण्यातला हा प्रकार. २०१५ साली फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने हेच मोठ्या प्रमाणावर केल्याचे अमेरिकेत उघडकीस आले. चाचणीच्या वेळी गाडी स्वच्छ आणि रस्त्यावर घाण, असे तिचे सॉफ्टवेअर होते. काही गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या ४० पटींपर्यंत ऑक्साइड्स सोडत होत्या, आणि जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. तेथे कंपनीने जे लपूनछपून केले ते आपण पैसे देऊन करून घेतो. यात पीयूसीवर विसंबू नये. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइड्स मोजत नाहीत. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही.

आता, दिवा मुळात लागत का होता? शेठजींची गाडी घर ते मार्केट यार्ड आणि परत, एवढीच धावत होती. दोन किलोमीटरमध्ये इंजिन तापत नाही, जाळीतली काजळी जळत नाही, ती साचत जाते आणि दिवा लागतो. त्यांना नावे ठेवण्याचा मला फारसा अधिकार नाही. माझी स्वतःची गाडी घर ते दवाखाना याच फेऱ्यांत अडकलेली असते, आणि दोन वर्षांपूर्वी तो दिवा मी तीन आठवडे 'बघू सवडीने' म्हणून तसाच ठेवला होता. शेवटी गाडीने जोर धरणेच सोडले. पेशंटने तीन आठवडे खोकला अंगावर काढला तर मी त्याला किती बोलतो!

डीपीएफचा दिवा नुकताच लागला असेल आणि स्थिर असेल, तर उपाय बहुधा साधा असतो. कुर्डुवाडीच्या किंवा सोलापूरच्या मोकळ्या रस्त्याने वीस-तीस मिनिटे एका लयीत, साठच्या वर, इंजिन बंद न करता गाडी चालवावी. नेमका वेग पुस्तिकेत दिलेला असतो. काजळी जळाली की दिवा आपोआप विझतो. आठवड्यातून एकदा असा फेरा ठेवला तर तो बहुधा लागतच नाही. हे काम घरासमोर गाडी उभी करून, रेस करून होत नाही. उलट जाळी जळत असताना सायलेन्सर भयंकर तापतो, म्हणून त्या वेळी गाडी कडब्याजवळ, तुरीच्या काड्यांवर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नये. दिवा लुकलुकत असेल, सोबत इंजिनाचाही दिवा असेल किंवा गाडी ओढत नसेल, तर फेरा नको, सरळ वर्कशॉप गाठावे. ऑइलची पट्टीही अधूनमधून पाहावी. काजळी जाळण्यासाठी जास्तीचे डिझेल सोडले जाते आणि काम वारंवार अर्धवट राहिले की ते ऑइलमध्ये उतरते. ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले तर आनंद मानू नये. ऑइलही पुस्तिकेत सांगितलेलेच, कमी राख सोडणारे भरावे. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही, ती जाळीत कायमची बसते.

युरियाच्या बाबतीत एक अघोरी प्रयोग माझ्या कानावर आला आहे. कोणी शेतातला युरिया बोअरच्या पाण्यात कालवून टाकीत ओततात. खताच्या युरियाला २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो पिकाला चांगला, पण फवाऱ्याला आणि उत्प्रेरकाला घातक. अनुदानाचे खत अशा कामाला वापरणे गैर, ते वेगळेच. आणि आपल्या बोअरच्या पाण्याने चहाच्या भांड्याला कसा पांढरा थर बसतो, ते घरातल्या बायकांना विचारावे. तसाच थर गाडीच्या नळीत बसतो. आयएसओ २२२४१ असा उल्लेख असलेला सीलबंद कॅन घ्यावा, तारीख पाहावी. हे द्रावण तीस अंशांपर्यंत साधारण वर्षभर टिकते, पस्तीस अंशांत सहा महिनेच. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल ते सांगायला नको. म्हणून साठा करू नये. युरिया संपत आल्याची सूचना गाडी बरीच आधी देते. टाकी पूर्ण रिकामी होऊन गाडी एकदा बंद केली, तर ती पुन्हा चालू होत नाही. ती बिघडलेली नसते, नियमानेच तशी बनवलेली असते. चुकून युरिया डिझेलच्या टाकीत पडला तर चावीला हात लावू नये, गाडी ओढून न्यावी. झाकणाभोवती पांढरी भुकटी दिसली तर तो सुकलेला युरिया होय, पाण्याने धुवावा. पण गाडीजवळ गोठ्यात येतो तसा उग्र वास वारंवार येत असेल, तर यंत्रणेत दोष आहे असे समजून तपासून घ्यावी.

एक गोष्ट मात्र यंत्रणा ठणठणीत असली तरी लागू आहे. इंजिन थंड असताना युरियाचे काम सुरूच होत नाही, त्याला धूर पुरेसा तापलेला लागतो. म्हणजे सकाळची पहिली काही मिनिटे नव्यातली नवी गाडीही बराच कच्चा धूर सोडते. गाडी पोर्चमध्ये 'गरम' करायची जुनी सवय म्हणून सोडावी. चालू करावी आणि सावकाश निघावे, ती चालतानाच लवकर तापते. बंद गॅरेजात तर इंजिन चालू ठेवूच नये.

हे सारे शेठजींना दोन बैठकांत सांगितले. पहिल्यांदा ते हसले. दुसऱ्या खेपेला आजींना सोलापूरला दाखल करावे लागले होते, तेव्हा हसले नाहीत. कंपनीच्या वर्कशॉपमधून त्यांनी नवा फिल्टर बसवून घेतला, डबी काढली. खर्च बराच आला, वाचवलेल्या पैशांपेक्षा कितीतरी जास्त. आजींची खाट मागच्या खोलीत गेली आणि गाडी आता तोंड आत, शेपूट रस्त्याकडे अशी न लावता उलटी, अंगणाच्या टोकाला फाटकाबाहेर लागते. त्यानंतर आजींना तसा ॲटॅक आलेला नाही. यात गाडीचा वाटा किती आणि थंडी सरल्याचा किती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. चुलीने केलेले नुकसान भरून येत नाही आणि पंपही सुटणार नाही. पण पहाटेचा नेब्युलायझर सध्या कपाटात आहे.

जाता जाता एका ड्रायव्हर वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर. युरिया भरताना डोळ्यात उडाला तर चोळू नये, स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुवावा, लाली किंवा जळजळ राहिली तर डॉक्टरांना दाखवावे. हाताला लागला तर साबण-पाणी पुरे. आणि उरलेला युरिया पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. तो दिसायला पाण्यासारखाच असतो आणि गाडीत तहानलेली मुले असतात.